किटलीवरचा नंबर

भोगावतीच्या काठावर एक गाव आहे. गावात दूध संस्था, संस्थेचे सभासद चारशे आणि सचिव एकच. गेली तीस वर्षं तेच, सगळ्या गावाचे तात्या. पहाटे साडेपाचला संस्थेचं शटर वर जायचं. बायाबापड्या आपापल्या किटल्या ओट्यावर ओळीनं ठेवायच्या आणि बाजूच्या कट्ट्यावर बोलत बसायच्या. आत दूध मापलं जायचं, मशिनवर फॅट आणि एसएनएफ लागायचं, त्यावरून दर निघायचा आणि पुस्तकात नोंद व्हायची. दर दहा दिवसांनी बिल. बिलाच्या आदल्या रात्री तात्या चारशे जणांच्या वीस-वीस वेळच्या नोंदींच्या हातानं बेरजा करत बसायचे, पहाटेपर्यंत.

तात्यांची पुतणी पुण्याला संगणकाचे प्रोग्रॅम लिहायच्या नोकरीत होती. एका सुट्टीत तिनं हे जागरण पाहिलं आणि परत जाऊन महिनाभर रोज रात्री बसून संस्थेसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. एक पैसा घेतला नाही. तात्यांच्या डोळ्यांना आता लांबचं तेवढं नीट दिसतं, एवढं एकच कारण तिला पुरेसं होतं.

प्रोग्रॅम सी शार्प भाषेत होता. त्यात तिनं दोन गोष्टी ठेवल्या. पहिली म्हणजे डिक्शनरी. सभासद क्रमांक दिला की ती त्या माणसाचं नाव, गल्ली आणि खातं काढून देते. दुसरी साधी यादी. तिच्यात दहा दिवसांच्या दुधाच्या रकमा एकाखाली एक. पहिल्या सभासदाची रक्कम पहिल्या जागी, दुसऱ्याची दुसऱ्या. कोणाची रक्कम कुठली हे यादीत कुठं लिहिलेलं नव्हतं. ते फक्त जागेवरून कळायचं.

बिल काढताना या दोन्हींची जोडी लावायची होती. तिनं डिक्शनरीला विचारलं: तुझ्यातला तिसरा क्रमांक कोणता? कंपायलरनं नकार दिला. सी शार्पच्या डिक्शनरीतले क्रमांक जागेच्या आकड्यानं मागता येत नाहीत, तशी सोयच भाषेनं ठेवलेली नाही. माझ्या मते ही गोष्ट खरी इथंच घडली, पुढचं सगळं त्याचं फळ. ज्यांनी ती डिक्शनरी बनवली त्यांनी इथं दार ठेवलं नाही, ते विसरून नव्हे. पण घाईत असलेल्या माणसाला दार नाही हे दिसतं, ते का नाही हे विचारायला सवड नसते. थोडी शोधाशोध केल्यावर तिला एलिमेंटअ‍ॅट सापडलं. 2007 साली लिंक नावाच्या सोयींबरोबर ते डॉटनेटमध्ये, म्हणजे सी शार्प ज्यावर चालते त्या व्यवस्थेत, आलं. कुठल्याही संग्रहावर चालतं, जागेच्या आकड्यानं थेट मागता येत नसेल तिथं पहिल्यापासून एकेक मोजत जातं आणि सांगितलेल्या जागेवर थांबून तिथं जे सापडेल ते हातात देतं. तिनं ते वापरलं. बिल अचूक निघालं.

दार का नव्हतं, ते सांगायला हवं. आपण डिक्शनरीला सभासद क्रमांक देतो तेव्हा ती पहिल्यापासून शोधत बसत नाही. त्या क्रमांकावर एक गणित करते आणि त्या गणिताचं उत्तर म्हणजेच माहितीचा ठिकाणा. म्हणून सभासद चारशे असोत की चार लाख, शोधायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी 1953 साली एका अंतर्गत टिपणात ही युक्ती मांडली आणि आज जगातला क्वचितच एखादा मोठा प्रोग्रॅम तिच्याशिवाय चालत असेल. तिची सगळी ताकद एकाच गोष्टीत आहे: कोण हवं ते नावानिशी सांगा. कितवा हवा, हा प्रश्न या रचनेत बसतच नाही. एलिमेंटअ‍ॅट तो प्रश्न जबरदस्तीनं विचारतं आणि त्याची किंमतही घेतं. पहिल्यासाठी एक पाऊल, चारशेव्यासाठी चारशे पावलं. सगळ्यांची बिलं काढायला 80,200 पावलं होतात, जिथं चारशे पुरली असती. अर्थात आजच्या संगणकाला एवढं काम म्हणजे काहीच नाही. त्यामुळं हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दीड वर्ष प्रोग्रॅम बिनबोभाट चालला. तात्या बिलाच्या आदल्या रात्री झोपू लागले.

मग एक सभासद जनावरं विकून मुलाकडं इचलकरंजीला गेला. त्याचं दूध महिन्याभरापूर्वीच बंद झालं होतं, हिशेबही मिटला होता. संचालक मंडळाच्या बैठकीत त्याचं सभासदत्व रद्द झालं आणि त्याच बैठकीत एका तरुण शेतकऱ्याचा अर्ज मंजूर झाला. तो दहावा दिवस होता, सकाळी बिल होतं. तात्यांनी रात्रीच संगणकावर दोन्ही कामं उरकली. एक क्रमांक काढला, एक नवा घातला. नोंदवहीत नवा माणूस शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीत गेला.

डिक्शनरीत मात्र तो शेवटी गेला नाही. डॉटनेटची डिक्शनरी आतून नोंदी एका ओळीतच ठेवते. कोणी काढला की ती जागा रिकामी म्हणून लक्षात ठेवते आणि पुढं जो येईल त्याला आधी तिथं बसवते. त्यात गैर काही नाही, जागा वाया जाऊ नये म्हणून केलेली व्यवस्था आहे ती. जोवर कोणी जात नाही तोवर सगळे आल्या क्रमानं बसलेले दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं की हा क्रम कायमचा. नवा तरुण गेलेल्या माणसाच्या जागी बसला, 231व्या. रकमांच्या यादीत मात्र गेलेल्याची ओळ पुसली गेली, खालच्या सगळ्या एकेक वर सरकल्या आणि नव्याचं शून्य तळाला लागलं.

सकाळी तात्यांनी नेहमीप्रमाणं ताळा पाहिला. दुधाची एकूण रक्कम आणि वाटायची एकूण रक्कम पैशापर्यंत जुळली. जुळणारच. पैसे तेवढेच होते, माणसं बदलली होती. ताळ्याला माणूस दिसत नाही.

वाटप सुरू झालं. पहिले दोनशे तीस जण आपापलं बिल घेऊन गेले, कोणाची काही तक्रार नाही. नव्या तरुणाच्या हातात, एक थेंब दूध न घालता, जवळपास तीन हजारांचं पाकीट पडलं. त्याला वाटलं, संस्था नव्या सभासदाला उचल देते. तो खुशीत घरी गेला.

थोड्या वेळानं एक म्हातारी पाकीट घेऊन परत आली. तिच्याकडं एक म्हैस. दर दहा दिवसांनी तिला 2,900च्या आसपास मिळायचे, त्यातच तिचं घर चालायचं. लिहिता-वाचता येत नव्हतं, नोटा मात्र बरोबर मोजता यायच्या.

"तात्या, ह्ये माझं न्हवं."

"का वो काकू, कमी आलं?"

"जास्त आल्यात. सतरा हजार. एका म्हशीला सतरा हजार कुठलं?"

तात्यांनी चिठ्ठी पाहिली. नाव तिचं, क्रमांक तिचा, रक्कम छापील. "मशिननं काढलंय काकू. ताळा जुळलाय."

"माझी म्हस किती देती ते मशिनला ठावं न्हाई. मला ठावं हाय." तिनं पाकीट टेबलावर ठेवलं आणि हात मागं घेतला.

ती उभी होती तोवरच तिच्या पुढच्या क्रमांकाचा सभासद आला. सहा एचएफ गायींचा धनी, हातात अकराशेची चिठ्ठी, तोंड लाल. त्याच्या मागं आणखी तिघं. शेवटच्या पानावरच्या सभासदाच्या चिठ्ठीवर तर शून्य होतं. दुपारपर्यंत संस्थेच्या दारात निम्मं गाव उभं राहिलं. ज्यांना कमी मिळालं ते सगळे आले. ज्यांना जास्त मिळालं त्यांच्यातले थोडेच आले, आणि सगळ्यांत आधी आलेली ही एका म्हशीची म्हातारी. त्या दिवशी तात्यांना शिव्या खाव्या लागल्या. तीस वर्षांत हातानं केलेल्या बेरजांवर त्या कधी खाव्या लागल्या नव्हत्या. त्यांनी पुतणीला फोन केला. तिच्यावर एका शब्दानं रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "येऊन जा बाळ, गाव खोळंबलंय."

ती रात्रीच्या गाडीनं निघाली आणि पहाटे थेट संस्थेत पोचली. दोन्ही याद्या छापून शेजारी शेजारी ठेवल्या. 230पर्यंत सगळं बरोबर, तिथून पुढं प्रत्येकाला खालच्याचे पैसे. कुठं चुकलं ते तिला पाच मिनिटांत दिसलं. का चुकलं ते कळायला मात्र वेळ लागला, कारण प्रोग्रॅममध्ये एक अक्षर बदललेलं नव्हतं. कालपर्यंत बरोबर असलेला प्रोग्रॅम आज चूक कसा?

बाहेर संकलन सुरू झालं होतं. ती ओट्यापाशी येऊन बसली. किटल्यांची ओळ लागली होती आणि ती सारखी हलत होती. कोणी गडबडीत आली की आपली किटली मध्येच सारायची, कोणाची भरलेली किटली पोरं उचलून बाजूला ठेवायची. माप घेणारा पोऱ्या मान खाली घालून एकेक किटली उचलत होता. झाकणावर रंगानं घातलेला नंबर मोठ्यानं म्हणायचा, मग माप. ती म्हातारी शेजारी येऊन टेकली.

"तूच न्हवं का ते मशिनचं केलंस?"

"हो आजी."

"मग तुझं मशिन मानसं वळखतंय कशावरनं?"

"क्रमांकावरनंच की." पुतणी क्षणभर थांबली. "बिल काढताना मात्र जागेवरनं. ओळीत कितवा आहे, त्यावरनं."

म्हातारीला हे खरोखरच समजेना. "ओळीवरनं? अगं ओळ काय जाग्यावर ऱ्हाती व्हय? म्हणून तर नंबर घातलाय किटलीवर."

पुतणी काही बोलली नाही. उठून आत गेली आणि पुण्याला फोन लावला. तिच्या टीममध्ये एक जुन्या जाणत्या बाई होत्या. आयुष्य प्रोग्रॅम लिहिण्यात गेलेलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"क्रमांक त्याच क्रमानं मिळतील असं तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही, मॅडम. मी चालवून बघितलं. दीड वर्ष चाललं."

"दीड वर्ष चाललं याचा अर्थ दीड वर्षात कोणी सोडून गेलं नाही. बाकी काही नाही." मग त्यांनी विचारलं, "त्या डिक्शनरीबद्दल कागदावर काय लिहिलंय ते वाचलंस?"

तिनं तिथंच उघडून वाचलं. नोंदी कुठल्या क्रमानं मिळतील ते ठरलेलं नाही, असं मायक्रोसॉफ्टनं स्पष्ट लिहून ठेवलं होतं. पहिल्या दिवसापासून.

बाई फोनवर बराच वेळ बोलल्या. पायथन भाषेची हकीकत त्यांना तोंडपाठ होती, कारण त्या बदलांतून त्यांचे स्वतःचे प्रोग्रॅम गेले होते. पायथन 2मध्ये डिक्शनरीकडं कीज, म्हणजे ज्यांवरून नोंद शोधायची ते क्रमांक किंवा नावं, मागितल्या की चक्क यादी मिळायची, त्यामुळं लोक बिनदिक्कत पहिली, दुसरी असं म्हणायचे. पायथन 3मध्ये ती यादी गेली, तिच्या जागी नुसतं एक दर्शन आलं आणि जागेचा आकडा दिला की चूक दाखवू लागलं. पुढं डिसेंबर 2016मध्ये 3.6 आली. तिच्यात डिक्शनरीची आतली मांडणी मेमरी वाचावी म्हणून बदलली होती आणि त्या ओघात नोंदी घातलेल्या क्रमानंच मिळू लागल्या. "तेव्हा पायथनवाल्यांनी काय केलं ठाऊक आहे?" बाईंनी विचारलं. "क्रम मिळतोय, पण त्यावर विसंबू नका, असं लिहून ठेवलं. वर्षभरानं गिडो व्हॅन रॉसम यांनी निर्णय दिला की यापुढं क्रम राखायचाच, आणि जून 2018च्या 3.7पासून तो भाषेचा नियम झाला. त्या दोन्हींत प्रोग्रॅम चालवून बघितलास तर क्रम सारखाच दिसेल. पण एकीत ती सवय होती आणि दुसरीत शब्द दिलेला आहे. चालवून बघून हा फरक कधीच कळत नाही, तो वाचावाच लागतो."

गो भाषेच्या लोकांनी उलटं केलं, तेही त्यांनी सांगितलं. 2012मध्ये गोची पहिली आवृत्ती आली तेव्हा त्यांनी पाहिलं होतं की क्रमाचा शब्द दिलेला नसूनही लोक त्यावर विसंबतात, आणि मग एका यंत्रावर पास होणाऱ्या चाचण्या दुसऱ्यावर नापास होतात. म्हणून त्यांनी मॅपमधल्या, म्हणजे त्यांच्या डिक्शनरीतल्या, नोंदी मुद्दाम दरवेळी वेगळ्या क्रमानं द्यायला सुरुवात केली. जो विसंबेल त्याची चूक पहिल्याच दिवशी उघडी पडावी, दीड वर्षानं नव्हे. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. ज्याचा शब्द द्यायचा नाही त्याची सवयही लागू द्यायची नाही, एवढी काळजी भाषा बनवणाऱ्यांनी आपल्या न पाहिलेल्या माणसांची घेतली.

"मग मी क्रम राखणारी डिक्शनरी घेऊ का?" पुतणीनं विचारलं. तशा आहेत. जावात 2002पासून लिंक्डहॅशमॅप आहे. डॉटनेटमध्येही जागेच्या आकड्यानं मागता येईल अशी ऑर्डर्डडिक्शनरी आहे. पूर्वी ती जुन्या ढंगाची होती, 2024मध्ये डॉटनेट 9नं नव्या ढंगाची दिली.

"घेशील आणि तुझं बिल बरोबरही येईल," बाई म्हणाल्या. "पण मला सांग, म्हातारीचे पैसे तिचे का आहेत? ती 232वी आहे म्हणून?"

फोन ठेवल्यावर पुतणी कामाला लागली. रकमांची ती सुटी यादी तिनं काढून टाकली. रक्कमही आता सभासद क्रमांकाखालीच जाऊ लागली. नाव मागा, रक्कम मागा, क्रमांक एकच. कोणी गेला, कोणी आला, कोण कोणाच्या जागी बसला, याच्याशी बिलाचा संबंध उरला नाही. बिलं छापताना तात्यांना नोंदवहीचा क्रम हवा असायचा, म्हणून छापायच्या वेळी ती क्रमांकानुसार लावून घेण्याची सोय तिनं केली. पशुखाद्याची पोती गल्लीवार वाटली जायची. तो क्रम कुठल्याच आकड्यावरून निघत नव्हता, तात्यांच्या डोक्यात होता. तिनं त्यांना समोर बसवून गल्ल्यांची यादी लिहून घेतली आणि ती स्वतंत्र ठेवली. ताळाही बदलला. एकूण रकमेबरोबर आता प्रत्येक सभासदाच्या वीस वेळच्या नोंदी त्याच्या बिलाशी जुळवल्या जातात. शेवटी तिनं एक चाचणी लिहिली: मधला एक सभासद काढायचा, नवा घालायचा, मग बिल काढायचं. ही चाचणी दीड वर्षापूर्वी लिहायला दहा मिनिटं लागली असती. तेव्हा तिनं शंभर सभासद घालून पाहिले होते, काढून एकही पाहिला नव्हता.

पैशांचं निस्तरायला मात्र प्रोग्रॅमपेक्षा जास्त दिवस लागले. पुतणी तात्यांबरोबर घरोघर गेली. ज्यांना जास्त गेले होते त्यातल्या बहुतेकांनी दिले. काहींचे खर्च झाले होते, त्यांच्या पुढच्या बिलांतून थोडे थोडे कापायचं ठरलं. सहा गायींच्या धन्यानं आपले पूर्ण हाती येईपर्यंत पुतणीकडं पाहिलंही नाही. मिळाल्यावर चहा पाजला. नव्या तरुणानं पाकीट तसंच ठेवलं होतं. उचल नव्हती हे कळल्यावर तो ओशाळला आणि म्हणाला, "मला वाटलं, गावाची रीतच हाय तशी."

पुढच्या वर्षी संगणकाचं काम त्या तरुणाकडं आलं. तो बारावी सायन्स झालेला होता आणि शिकायची हौस होती. पुतणी दर सुट्टीत त्याला थोडं थोडं दाखवायची. वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आली तेव्हा संचालकांनी ठरवलं की संस्थेच्या पहिल्या सभासदाचा सत्कार करायचा. तरुणानं तिला फोन केला.

"ताई, पहिला सभासद काढायचा तर डिक्शनरीतली पहिलीच की घ्यायची न्हवं?"

"पहिला कशानं?" तिनं विचारलं. "क्रमांकानं, की आधी झाला त्यानं?"

"दोन्ही एकच की."

"तात्यांना विचार."

तात्या हसले. एक नंबरचा सभासद केव्हाच वारला होता. तो क्रमांक आता त्याच्या सुनेच्या नावावर होता आणि ती लग्न होऊन गावात आली तेव्हा संस्था जुनी झाली होती. स्थापनेच्या दिवशी सही केलेल्यांपैकी हयात कोण, ते फक्त कपाटातल्या जुन्या नोंदवहीत सापडलं असतं. तरुणानं ती वही काढली, सभासदाच्या नोंदीत सभासद झाल्याच्या तारखेचा एक नवा रकाना घातला आणि संकलन संपल्यावर रोज वीस-पंचवीस तारखा भरायला सुरुवात केली.